टिचबटणाची घडण आणि गावची शिवण

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याहून सागबाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गुजरातची सीमा जवळ येऊ लागते त्या टापूत खापर हे गाव वसलेले आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला आणि अक्कलकुवा तालुक्यातील हे गाव नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाले. सातपुड्याच्या पायथ्याच्या अशा गावांतून शाळा आहेत, दुकाने आहेत आणि शिवणयंत्र चालविणारी माणसे आहेत. शिवणयंत्राच्या खणात सुया, बॉबिन, हुका यांच्याबरोबर एका पुठ्ठ्यावर ओळीने टाचलेली चकचकीत टिचबटणे हमखास सापडावयाची. या वस्तूकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. तथापि तिच्या रचनेत यंत्रशास्त्राचा एक संपूर्ण धडा सामावलेला आहे, आणि तो धडा ठाऊक नसल्यामुळे चांगल्या कापडाचे नवे कपडे पहिल्याच पावसाळ्यात निकामी होतात. गणवेशाची खरेदी ज्यांच्या सहीने होते त्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी, शिक्षकांनी आणि बचतगटांच्या कार्यकर्त्यांनी हा विषय समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

बंदापासून बटणापर्यंत

अंगावरचे वस्त्र बंद करण्याच्या आपल्याकडील जुन्या रीती कापडाच्याच होत्या. चोळीला पुढे गाठ मारली जाई. अंगरख्याला बंद असत, आणि बारा बंदांमुळे बाराबंदी या वस्त्राला नावच तसे पडले. तान्ह्या मुलाच्या झबल्याला मागे बंद लावण्याची पद्धत तर अद्यापही घरोघरी आहे. या बंदांचा मोठा गुण असा, की ते कापडाच्याच जातीचे असल्यामुळे कापडाला इजा करीत नाहीत. दोष एवढाच, की बांधण्यास वेळ लागतो आणि दोन्ही हात गुंततात. पुढे गुंडी आणि काज आले, नंतर हूक आले. टिचबटण या मालिकेत बरेच उशिरा अवतरले.

त्याचा जन्म युरोपातील. जर्मनीतील हेरिबर्ट बाउअर याने १८८५ साली पुरुषांच्या विजारीसाठी स्प्रिंगच्या बटणाचे पेटंट घेतले. पुढील वर्षी, १८८६ मध्ये, फ्रान्समधील ग्रनोब्ल या हातमोज्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात आल्बेर-पिएर रेमों याने हातमोज्यांकरिता दाबबटण सिद्ध केले. हातमोजा घालताना एकच हात मोकळा असतो. तेव्हा एका हाताने लागणारे बटण तेथेच निघावे हे स्वाभाविक होय. जर्मनीतच हान्स प्रिम याने १९०३ साली स्प्रिंगच्या रचनेत सुधारणा केली आणि बटण लावणे व काढणे सुकर झाले. १९०२ साली प्राग येथे स्थापन झालेल्या वाल्डेस कंपनीने तर आपल्या टिचबटणांना ‘कोहिनूर’ हे नाव दिले होते. आपल्या देशातील हिऱ्याचे नाव अशा क्षुद्र वस्तूला मिळाल्याचे वाचून नवल वाटेल. परंतु त्या कारखान्याचे खरे धन त्या नावात नव्हते. पूर्वी हातांनी एकेक करून बसविली जाणारी बारीक स्प्रिंग यंत्राने बसविण्याची युक्ती त्यांनी साधली होती.

भोवरा आणि दोन कामट्या

टिचबटणाचे दोन भाग असतात. एकावर पुढे आलेली लहानशी गोळी असते. दुसऱ्यात ती सामावून घेणारी वाटी. शिवणकाम करणारी माणसे त्यांना नर आणि मादी म्हणतात. गोळी नीट न्याहाळल्यास तिचे डोके रुंद आणि डोक्याखालची मान बारीक असल्याचे दिसते. वाटीच्या तोंडाशी स्प्रिंग बसविलेली असते. काही बटणांत ही स्प्रिंग म्हणजे एक तुटक कडे असते, तर काहींत एकमेकींना समांतर अशा दोन बारीक तारा असतात. गोळीचे डोके आत शिरताना तारा बाजूस सरतात, आणि डोके पुढे जाताच मानेवर मिटतात. त्या मिटण्याचा जो आवाज होतो, त्यावरूनच या बटणाला आपल्या भाषेत नाव पडले असावे.

वर्गात हे दाखविण्यासाठी बटण फार लहान पडते. कार्यानुभवाच्या तासाला त्याची मोठी प्रतिकृती करता येईल, आणि सातपुड्याच्या परिसरात त्यासाठी बांबूची वाण नाही. एका लाकडी चौकटीवर बांबूच्या दोन पातळ कामट्या, मधे बोटभर फट ठेवून, समांतर बसवाव्यात. त्यांची दोन्ही टोके पक्की करावीत. आता एक लाकडी भोवरा घेऊन आरेच्या बाजूने त्या फटीत हळूहळू दाबावा. भोवऱ्याचे अंग आरेकडून वर हळूहळू रुंदावत जाते, त्यामुळे कामट्या थोड्याथोड्या दूर सरतात आणि भोवरा फारसा जोर न लावता आत शिरतो. सर्वांत रुंद भाग ओलांडला, की डोक्यावरच्या गाठीखाली भोवऱ्याचे अंग एकदम बारीक होते. तेथे कामट्या मिटतात. आता तो भोवरा परत मागे ओढण्यास मुलांना सांगावे. या वेळी कामट्यांसमोर सौम्य उतार नसून उभा चढ असतो. जितक्या जोराने भोवरा आत गेला त्याहून कितीतरी अधिक जोर तो बाहेर काढण्यास लागतो.

टिचबटणाच्या रचनाकाराचे सारे कौशल्य या दोन उतारांत आहे. गोळीच्या माथ्याचा उतार किती सौम्य ठेवावा यावर बटण लावण्याचा जोर ठरतो. मानेच्या वरचा उतार किती उभा असावा यावर काढण्याचा. त्यांच्या जोडीला तारेची जाडी आणि लांबी. ज्या मुलाने बांबूचे धनुष्य वाकविले आहे त्याला हे वेगळे शिकवावे लागणार नाही: जाड कामटीचे धनुष्य ओढण्यास कठीण, आणि प्रमाणाबाहेर वाकविलेले धनुष्य पुन्हा सरळ होत नाही. तारेचेही तसेच. आपल्या मर्यादेत ती हजारो वेळा वाकून पूर्वस्थितीस येते. मर्यादा एकदा ओलांडली, की कायमची फाकते. मग बटण ‘सैल झाले’ असे आपण म्हणतो.

उघडण्याच्या तीन रीती

लावलेले टिचबटण तीन प्रकारच्या ओढींना तोंड देते. दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकू पाहतात, ही पहिली ओढ. पोट फुगले किंवा हात पसरले म्हणजे ती येते. तिच्यापुढे बटण सर्वांत बळकट ठरते, कारण गोळीची मान वाटीच्या कडेला आडवी अडते आणि स्प्रिंगवर भार फार थोडा येतो. दुसरी ओढ सरळ वर, बटणाच्या रोखाने. येथे स्प्रिंगची खरी कसोटी लागते. तिसरी ओढ म्हणजे पट्टीची कड एका बाजूने उचलणे. या वेळी एक कड टेकूसारखी होते, पट्टी तरफेसारखी काम करते आणि बटण अगदी थोड्या जोराने उघडते. टिचबटण काढताना आपण नकळत हीच रीत वापरतो. लहान मुलांना मात्र ती दाखवावी लागते. अन्यथा ती दोन्ही पट्ट्या धरून सरळ ओढतात, आणि ओढीचा भार बटणाऐवजी कापडावर पडतो.

जाड किंतानाच्या पिशव्या, ताडपत्र्या आणि लष्करी सामान यांसाठी एक विशेष प्रकार निघाला आहे. त्यात वाटीची रचना अशी असते, की बटण एकाच ठराविक बाजूने उचलल्यास उघडते आणि अन्य बाजूंनी ओढले तरी दाद देत नाही. ती बाजू ओळखू यावी म्हणून टोपीवर लहानसा ठिपका उठविलेला असतो. दप्तरासाठी हा प्रकार उत्तम, सदऱ्यासाठी अनावश्यक.

आधी कोणी हार मानावी

खरेदी करणाऱ्यांचा सर्वसाधारण समज असा, की बटण जितके घट्ट तितके चांगले. टिचबटणाच्या बाबतीत हा समज नुकसानकारक आहे. कपड्यावर अवाजवी ओढ आली असता काहीतरी सुटणारच. बटण सुटले तर ते पुन्हा लावता येते. बटण न सुटता कापड फाटले, तर धातूच्या चकतीएवढे भोक पडते आणि ते रफू करूनही लपत नाही. म्हणून बटणाचा उघडण्याचा जोर कापडाच्या सहनशक्तीपेक्षा बेताने कमी असला पाहिजे. अमेरिकेच्या पश्चिम भागात गुराख्यांच्या सदऱ्यांना टिचबटणे लावण्याची प्रथा रूढ झाली, तिच्यामागे हाच विचार सांगितला जातो: खोगिराच्या खुंटीत किंवा गुराच्या शिंगात सदरा अडकला तर बटणे पटापट सुटावीत आणि माणूस मोकळा व्हावा. डेन्व्हर येथे १९४६ साली सुरू झालेल्या रॉकमाउंट या कंपनीने असे सदरे लोकप्रिय केले. अर्थात यावरून मळणीयंत्रापाशी टिचबटणाचा सदरा चालेल असा निष्कर्ष कोणी काढू नये. तेथे सैल कपडाच नको.

बटण आणि कापड यांची जुळणी कशी होते, हे बटण बसविण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. सुईदोऱ्याने शिवण्याच्या टिचबटणाला कडेने चार भोके असतात. दोऱ्यामुळे ओढ चार ठिकाणी विभागली जाते, म्हणून पातळ कापडास हा प्रकार मानवतो. प्रत्येक भोकात काजटाक्याचे तीन-चार टाके घेतल्यास ते दीर्घकाळ टिकते; घाईने एका भोकातून दुसऱ्यात आडवा दोरा ओढल्यास तो धातूच्या कडेवर घासून तुटतो. गोळीचा भाग वरच्या पट्टीच्या आतील बाजूस आणि वाटी खालच्या पट्टीवर घ्यावी. गोळी आधी शिवून तिच्या माथ्याला खडू लावावा आणि पट्टी जागेवर दाबावी. वाटीचा मध्य जेथे यावयाचा तेथे ठिपका उमटतो. मोजपट्टीपेक्षा ही युक्ती अधिक अचूक.

ठोकून बसविण्याच्या बटणाचे चार तुकडे असतात. टोपी आणि वाटी मिळून वरच्या पट्टीला चिमटीत धरतात; गोळी आणि तिच्या पाठीमागचा रिव्हेट खालच्या पट्टीला. म्हणजे शिवण्याच्या बटणाच्या नेमका उलट क्रम. टोपीची नळी कापडातून आरपार जाऊन पलीकडे फुलासारखी उमलली पाहिजे. जोर कमी पडला तर टोपी बोटाने गरगर फिरते आणि काही दिवसांत निघून येते. जोर अधिक झाला तर वाटी चेपते, स्प्रिंग अडकते आणि बटण लागतच नाही. नीट बसलेली टोपी बोटांनी फिरता कामा नये, एवढी एक खूण प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवली तरी गणवेश तपासताना तिचा उपयोग होईल.

या प्रकारात नळीची लांबी कापडाच्या जाडीनुसार निवडावी लागते. पातळ कापडावर लांब नळीचे बटण बसविल्यास ते डुगडुगते. शिवाय एकेरी कापडावर ठोकलेले बटण टिकत नाही. दुहेरी पट्टी आणि तिच्यात बक्रमचा तुकडा एवढी तजवीज किमान हवी. शिलाई वाचविण्यासाठी पट्टीत बक्रम न घालण्याची जी सवय ठेक्याच्या कामात दिसते, तिच्यामुळेच बटणाला विनाकारण दोष येतो. बनियनसारख्या विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कापडासाठी नळीऐवजी नखे असलेले कडे मिळते. त्याची नखे धाग्यांच्या मधून जातात, धागे तोडीत नाहीत. बटणाचा आकार व्यापारात ‘लाइन’ या मापाने सांगतात. ४० लाइन म्हणजे एक इंच. सोळा लाइनचे बटण सुमारे १० मिलिमीटरचे असते.

धातूविषयी थोडक्यात. चांगले टिचबटण पितळेचे असते आणि त्यावर निकेलचा मुलामा असतो. स्वस्त बटण लोखंडी पत्र्याचे. दुकानात दोन्ही सारखीच चमकतात. लोहचुंबक लावून पाहावे: पितळेला तो चिकटत नाही. मात्र पितळेच्या वाटीत पोलादी तार असू शकते, त्यामुळे टोपी आणि गोळी यांवर वेगवेगळा चुंबक लावावा. पावसाळ्यात कपडे दिवसेंदिवस दमट राहतात अशा भागात लोखंडी बटण गंजते आणि पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस डाग कायमचा बसतो. धुण्याची पद्धतही ध्यानात घ्यावी लागते. नदीवर दगडावर आपटून धुतल्या जाणाऱ्या कपड्याची बटणे लावून आणि कपडा उलटा करून धुतल्यास वाटी चेपण्याचे भय कमी होते.

तान्ह्या मुलांचे कपडे

झबल्याच्या बंदांची जागा टिचबटणे घेत आहेत आणि त्यात सोय निश्चितच आहे. परंतु निघून आलेला बटणाचा तुकडा तान्ह्या मुलाच्या हाती लागला तर तो तोंडात जाणार हे ठरलेलेच. तीन वर्षांखालील मुलांच्या वस्तूंसाठी अमेरिकेत एक लहान नळकांडे मापासाठी वापरतात. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो, आणि त्यात मावेल तो तुकडा घशात अडकण्याजोगा धरला जातो. प्रत्येक टिचबटण त्यात सहज मावते. म्हणून निर्यातीच्या बालवस्त्रांत बटण कापडातून उपटून पाहण्याची चाचणी घेतात. सुमारे ७० न्यूटन इतका जोर १० सेकंद देऊनही ते निघता कामा नये, अशी अट सर्रास असते. ७० न्यूटन म्हणजे सुमारे ७ किलोग्रॅम वजनाची ओढ. बचतगटाला यासाठी यंत्र नको. बादली आणि पाणी मिळून ७ किलोग्रॅम भरेल असे तोलून घ्यावे, बटणाचा एक भाग बारीक पकडीत धरून ती बादली त्याला टांगावी आणि दहा अंक मोजावेत. चाचणीचा तुकडा निराळा शिवावा आणि नंतर तो विकू नये.

निकेलचा प्रश्न वेगळा आहे. घामाने निकेलचा अंश सुटतो आणि काहींच्या त्वचेवर खाजरे चट्टे उठतात. बेंबीखाली विजारीचे बटण टेकते तेथे ते विशेष दिसतात. युरोपीय समुदायाने १९९४ साली यासंबंधी निर्देश काढून त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंतून निकेल सुटण्याची मर्यादा दर आठवड्यास दर चौरस सेंटिमीटरला ०.५ मायक्रोग्रॅम अशी ठरविली. आपल्या शिवणकामात एवढे केले तरी पुरे, की बटणाची पाठ थेट अंगाला लागू नये म्हणून आतून कापडाची एक पट्टी घ्यावी.

गणवेशाचा विचार

राज्यात २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात ‘एक राज्य एक गणवेश’ योजनेखाली कापड एकत्रितपणे घेऊन महिला बचतगटांकडून गणवेश शिवून घेण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविले. बटण कोणते आणि ते कोठे असावे, हे ठरविण्याचा अधिकार त्यामुळे गावाच्या जवळ आला आहे.

या ठिकाणी आश्रमशाळेतील पहिलीच्या मुलाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवणे योग्य होईल. सहा वर्षांचे ते मूल घरापासून दूर राहते. सकाळी त्याला कपडे घालून देण्यास आई नसते. काज लहान, बटण जाड आणि बोटे थंडीने आखडलेली अशा स्थितीत ते मूल उघड्या सदऱ्यानेच प्रार्थनेस येऊन उभे राहते, किंवा विजारीचे हूक वेळेवर न निघाल्यामुळे सर्वांदेखत त्याची फजिती होते. शिस्तीचा प्रश्न म्हणून त्याला रागावले जाते. वास्तविक तो बटणाचा प्रश्न असतो. अशा मुलाच्या सदऱ्याला मऊ स्प्रिंगची, मोठ्या टोपीची टिचबटणे लाविल्यास तो एका हाताने सदरा बंद करू शकतो. संधिवाताने बोटे धरलेल्या वृद्धांना आणि कुष्ठरोगामुळे बोटांची संवेदना गेलेल्या रुग्णांना हीच सोय उपयोगी पडते.

तथापि सर्वत्र टिचबटण लावणे इष्ट नव्हे. कमरेवर बसता-उठता ओढ येते आणि ती बहुधा कड उचलणारी असते. तेथे धाकट्या मुलांसाठी इलॅस्टिक आणि मोठ्यांसाठी साधे बटण अधिक विश्वासाचे. मोठ्या मुलींच्या गणवेशात पुढील बाजूस, अनपेक्षित क्षणी उघडेल असे काही नसावे. त्यांच्या संकोचाचा विचार येथे सोयीच्या आधी करावा लागतो. टिचबटण तुटले तर त्याची जोडी जुळेल असा सुटा भाग मिळणेही कठीण, कारण एका कारखान्याची गोळी दुसऱ्याच्या वाटीत बसेलच असे नाही. साधे बटण मात्र कोणत्याही घरी सापडते आणि सहावीतला मुलगाही ते शिवू शकतो.

जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागामार्फत शिलाई यंत्रे देण्याच्या योजना अनेक वर्षांपासून राबविल्या जातात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिवण तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम शिकविला जातो. या यंत्रांच्या जोडीला बटण ठोकण्याचा एक हातप्रेस आणि एकाच आकाराच्या बटणाचे साचे गटाला सामाईक मिळाले, तर हातोडीने ठोकून वाट्या चेपण्याचे प्रकार बंद होतील. दर वर्षी आकार बदलल्यास साचेही बदलावे लागतात, म्हणून समितीने एकदा ठरविलेला आकार कायम ठेवावा आणि एकाच दुकानाकडून, एकाच कारखान्याची, शेकडा दहा जोड्या अधिक अशी बटणे घ्यावीत. मागणीपत्रात ‘उत्तम प्रतीची बटणे’ एवढेच लिहून भागत नाही. पितळेचे की लोखंडी, किती लाइनचे, शिवण्याचे की ठोकण्याचे, पट्टीत बक्रम आहे की नाही, हे चार मुद्दे त्यात यावेत. गणवेशाचा नमुना प्रथम एकच शिवून घ्यावा. तो दहा वेळा गावच्या रीतीने धुवावा आणि वर्गातील सर्वांत लहान मुलाला घालावयास द्यावा. त्या मुलाने स्वतःहून तो सलग दहा वेळा लावून-काढून दाखविला आणि तेवढ्यात पट्टीचे कापड बटणाभोवती ओढले गेले नाही, तर उरलेल्या गणवेशांची कापणी सुरू करण्यास हरकत नाही.